विश्वनाथ टिंब डॉक्टर

माझी नोकरी काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, शेपट्या तपासते. इंटरनेटवरच्या नावात टिंबानंतर जे येतं त्याला आमच्या खात्यात सगळे शेपटीच म्हणतात. मंत्र्यांसमोर तेवढं ‘नावविस्तार’ म्हणायचं, एवढीच काय ती शिस्त.

माझ्या लहानपणी शेपट्या मूठभर होत्या. मी खात्यात लागले तेव्हा हजारभर झाल्या होत्या, आणि नंतर जगाच्या नावखात्यानं दार सताड उघडलं तेव्हा त्या लाखाच्या घरात गेल्या. ज्याच्यापाशी पैसा आणि वकील, तो शब्दच विकत घ्यायला लागला. कुणी टिंब लग्न घेतलं, कुणी टिंब देऊळ. एका साबणवाल्यानं टिंब आई मागितलं, त्यावर आमच्याकडे वर्षभर खल चालला. लोक हसायचे. म्हणायचे, मॅडम, नावात काय आहे, एवढा काय जीव काढता. मला भयंकर राग यायचा. कारण नावात काय आहे ते मला ठाऊक होतं.

सोपं आहे, समजून घ्या. यंत्र नाव मागून वाचतं. आधी शेपटी बघतं, मग त्या शेपटीच्या मालकाला विचारतं की, बाबा रे, या नावाचा माणूस तुझ्याकडे कुठे राहतो. मालकानं बोट दाखवलं की तिकडे जातं. कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, हे तो मालक ठरवणार. पूर्वी यात निदान माणसाचे डोळे तरी होते. पान उघडायचं, फोटो बघायचा, चार वाक्यं वाचायची, आणि काहीतरी काळंबेरं आहे असं वाटलं तर बंद करायचं. मग घरोघर मदतनीस आले, म्हणजे बोलकी यंत्रं. बोलायचं आणि काम सांगायचं, पान बघायची गरजच उरली नाही. ‘माझं पोट दुखतंय’ म्हटलं की मदतनीस स्वतःच कुणाकडे तरी नेऊन जोडून देतो. तो बिचारा निवड कशावरून करणार? दवाखान्याबाहेरची गर्दी त्याला दिसत नाही, कंपाउंडरचा चेहरा दिसत नाही, फिनेलचा वास येत नाही. त्याला शेपटी दिसते. टिंब डॉक्टर म्हटलं की डॉक्टर. संपलं.

म्हणून ‘टिंब डॉक्टर’ या एका शेपटीवर मी तीन वर्षं घातली. आरोग्यध्वज नावाच्या कंपनीनं ती मागितली होती. आमचं म्हणणं एवढंच होतं की, ज्याच्याकडे वैद्यकीचा परवाना आहे त्यालाच हे नाव द्या, आणि देण्याआधी तपासा. जगभरच्या सरकारांची एक सल्लागार समिती आहे, तिच्यात मी हे मांडलं. त्या समितीत मतदान नसतं. सगळ्यांचं एकमत झालं तर सल्ला जड, एका देशानं जरी मान हलवली नाही तरी तो नुसता कागद. कंपनीचा वकील गोड माणूस. तो म्हणाला की, एवढ्या तपासण्या लावल्यात तर गरीब देशांतले खेड्यातले डॉक्टर बाहेरच राहतील. झालं, निम्म्या देशांनी माना खाली घातल्या. शेवटी चहाच्या टेबलावर तडजोड निघाली, नाव आधी द्यायचं आणि तक्रार आली की तपासायचं.

तडजोड तर तडजोड, पण ती तरी धड असावी म्हणून मी हट्टानं तीन कलमं घातली. तक्रार फक्त रुग्णानंच करायची, नाहीतर समोरचा डॉक्टर याचं दुकान बंद पाडायला बसलेलाच असतो. ती तोंडी असायची, म्हणजे लिहिता न येणाऱ्या बाईलाही ती करता येईल. डॉक्टरचं नाव आणि आपला त्रास, दोन्ही तिच्या स्वतःच्या तोंडून आले की पुरे, मग ते कुठल्याही भाषेत असोत. आणि तक्रार आली की नाव तत्क्षणी गोठवायचं, चौकशी संपेपर्यंत कुणाच्याही सांगण्यावरून उघडायचं नाही. तक्रारदार बाई स्वतः म्हणाली तरी नाही, कारण बायकांना धमकावून तक्रारी मागे घ्यायला लावतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या दिवशी सभागृहात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. दिल्लीच्या विमानात बसताना मला वाटलं, बाबा असते तर म्हणाले असते, बरं केलंस उत्तरे.

बाबा म्हणजे डॉक्टर विश्वनाथ सबनीस, मिरजेचे. सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी आमचं दुमजली घर, खाली त्यांचा दवाखाना आणि शेजारी माझ्या धाकट्या भावाचं, निरंजनचं, औषधाचं दुकान. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. दवाखान्याची पाटी मात्र होती तिथेच होती, दर दसऱ्याला निरंजन तिला ओल्या फडक्यानं पुसून हार घालायचा. मिरजेत ही रीतच आहे. डॉक्टर गेला तरी पाटी काढत नाहीत. ती काढली की माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटतं. तिच्याखाली कधी मुलगा बसतो, कधी सून, कधी कुणीच नाही, पण कोकटनूरहून, अथणीहून आलेला पेशंट पाटी बघून दोन मिनिटं थांबतो, हात जोडतो आणि पुढे जातो. त्यात मलाही कधी काही गैर वाटलं नाही.

टिंब डॉक्टर सुरू झालं तरी त्याची धांदल संपेना, त्यात दीड वर्ष मी घरी गेले नव्हते. निरंजन फोनवर सांगायचा की आई मजेत आहे, बोलते-चालते, पूर्वीपेक्षा खुशीत आहे. ते खरंच होतं. मी रजा काढून घरी पोचले तर आई दारात उभी, ऐंशीची बाई, केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीची साडी. मी पाया पडायला वाकले आणि थबकले. पावलं तुकतुकीत सुजली होती. अंगठा टेकवला तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

रात्री आडवं झालं की दम लागतो का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, लागतो की, दोन उशा घेऊन बसूनच झोपते हल्ली, जिना चढताना छातीवर कुणी पाय दिल्यासारखं होतं. हे ती अगदी सहज सांगत होती, भाजी महाग झाली म्हणून सांगावं तसं. कुणाला दाखवलंस का म्हटलं तर म्हणाली, दाखवलंय की, घरातच.

घरातच म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी दात घासत होते. आई चहाचा कप घेऊन देवघराशेजारच्या कोनाड्यापाशी बसली. कोनाड्यात मदतनीस होता, चकलीच्या साच्याएवढा. तिनं पदर सारखा केला आणि हाक मारली, “अहो.”

“वत्सला,” बाबा म्हणाले. “झोप लागली का?”

माझ्या हातातला ब्रश गळून पडला. तोच घसा, तोच शेवटचा शब्द खाली सोडायचा ढंग, मध्येच येणारं ते बारीक खाकरणं. मी तशीच ओल्या मोरीत बसले आणि रडले. चार वर्षांत रडले नव्हते एवढी रडले.

बाहेर त्यांचं चाललंच होतं. पाय कसे आहेत म्हणून त्यांनी विचारलं, जड वाटतात म्हणून तिनं सांगितलं. काल काय जेवलीस, दुपारी पडलीस का, उत्तरा आली का, तिला लसणीची चटणी दे. मग दमाचं निघालं. “काही नाही, पित्त आहे ते,” बाबा म्हणाले. “ओव्याचं पाणी घे आणि पाय वर करून पड. दगदग करायची नाही.”

माझे डोळे वाळले ते या वाक्यावर. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. बाहेर चाळीस पेशंट, आत आई छातीला हात लावून उभी, आणि बाबा प्रिस्क्रिप्शनवरून मान वर न करता म्हणायचे की पित्त आहे, ओवा खा. गावाची नाडी बघणाऱ्या माणसाला घरातली नाडी कधी दिसली नाही. आणि बाबा प्रत्येक पेशंटची हकिगत शेवटची बारा-पंधरा वर्षं संगणकाला तोंडी सांगायचे. तो सगळा साठा या आवाजाच्या पोटात होता. दुसऱ्या पेशंटला पायावर सूज असती तर बाबांनी लगेच हृदय तपासलं असतं, त्या यंत्रानंही कदाचित सांगितलं असतं. पण वत्सला सबनीस या नावापुढे जन्मभर एकच निदान होतं. यंत्रानं ते इमानेइतबारे शिकून घेतलं होतं.

नाव मी मदतनीसालाच विचारलं. विश्वनाथ टिंब डॉक्टर. सबनीस हे नाव आधीच कुणीतरी उचललेलं होतं, म्हणून नुसतं विश्वनाथ. निरंजननं ते घेऊन त्यावर बाबांच्या त्या साठ्यातून हा आवाज बसवला होता. घेताना कंपनीनं एकच प्रश्न विचारला होता, आपण डॉक्टर आहात का, आणि निरंजननं बाबांच्या वतीनं हो म्हटलं होतं.

आईशी मी आधी शांतपणे बोलले. हे बाबा नाहीत, हे यंत्र आहे, आणि ते चुकतंय. 

“मला काय खुळी समजलीस?” ती म्हणाली. “मशीन आहे ते, मला ठाऊक आहे. पण विचारतं तरी. हे होते तेव्हा कधी विचारलं होतं गं, झोप लागली का म्हणून?”

मी चपला घातल्या आणि बाहेर पडले. 

समोरच्या गल्लीत डॉक्टर शबाना मुजावरांचा दवाखाना आहे. तरुण बाई, हृदयाची तज्ज्ञ, लहानपणी बाबांकडेच गोवराला आलेली. मी तिला घरी घेऊन आले. तिनं आईची छाती ऐकली, छोटं यंत्र लावून पडद्यावर हृदय बघितलं आणि मला स्वयंपाकघरात घेऊन आली. हृदयाची पिळायची ताकद गेलीय, फुप्फुसात पाणी साचतंय, पण आत्ता दाखल करून इंजेक्शननं पाणी उतरवलं तर बाई अजून काही वर्षं छान काढतील, असं तिनं सांगितलं. म्हणाली, “आणा तिकडे. उद्या नाही, आज.”

आईनं शबानाच्या हातावर हात ठेवला, लाडू दिला आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं की, डॉक्टरांना विचारून सांगते हं. आणि आमच्यासमोरच विचारलं. बाबांनी शबानाची चौकशी केली, मुजावरांची पोर हुशार आहे म्हणाले, पण या नव्या पोरांना टोचायची फार घाई असते, तुझं पित्तच आहे वत्सला, तू पड. शबानानं गोळ्या तरी लिहून दिल्या. आईनं त्या फळीवर ठेवल्या, देवाच्या फुलांसारख्या जपून, आणि एकही घेतली नाही. त्यांनी सांगितल्या नव्हत्या ना.

दुपारी मी निरंजनच्या दुकानात गेले आणि त्याच्यावर तुटून पडले. तो घाबरला होता, मला ते दिसत होतं. आधी म्हणाला की त्यानं ते नाव आईसाठीच घेतलं, बाबा गेल्यापासून ती कुणाशी धड बोलत नव्हती. तेही खरं होतं. मग पेशंटही विचारायला लागले, बाबांचा आवाज ऐकून लोकांना बरं वाटायचं, दोन गोळ्या सांगितल्या तर बिघडलं कुठे? आईची सूज त्याला साधी वाटली होती. त्यालाही तिनं पित्तच सांगितलं होतं.

“ताई, ऐक,” तो शेवटी म्हणाला. “मालकाला आत सूचना घालता येते. उद्या सकाळी बाबाच सांगतील तिला, दवाखान्यात जा म्हणून. ती उठून चालत जाईल बघ. एक वाक्य घालायचंय फक्त.”

माझं डोकं फिरलं. “मेलेल्या माणसाच्या तोंडात तू वाक्य घालणार? आणि आजपर्यंत काय काय घातलंयस?”

 मी त्याच्या मागच्या फळीकडे बघितलं. कुठल्याशा टॉनिकच्या बाटल्या ओळीनं लावल्या होत्या, आणि समोर आलेली एक म्हातारी नेमकी तीच बाटली मागत होती. डॉक्टरसाहेबांनी सांगितलीय म्हणाली. निरंजननं माझ्याकडे न बघता ती कागदात गुंडाळली. हेच, अगदी हेच मी जगाला तीन वर्षं ओरडून सांगत होते. ज्याच्या हातात शेपटी, त्याच्या हातात जीभ. आणि ते माझ्याच घरात, माझ्याच बापाच्या नावानं चाललं होतं. ते एक वाक्य मी घालू दिलं असतं तर उद्या कुठल्या तोंडानं खात्यात गेले असते?

मी ठरवलं, हे नाव बंद व्हायचं. आवाज थांबला की आई आमचं ऐकेल, दुसरं कोण आहे तिला? संध्याकाळपर्यंत तिला दाखल करायचं असं मी शबानाला सांगूनही ठेवलं. माझ्या मते गणित सरळ होतं. पण तक्रार आईनंच करायला हवी होती, आणि आई नवऱ्याविरुद्ध तक्रार करणार? बरं, त्रास तर तिनं मला स्वतःच्या तोंडून सांगितला होता, डॉक्टरला ऐकवायला म्हणून मी तो फोनमध्ये भरूनही घेतला होता, रात्रीच्या दमापासून जिन्यापर्यंत. राहिलं होतं नाव. आणि नाव ती घेत नव्हती. लग्नाला साठ वर्षं होत आली होती आणि विश्वनाथ हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. हे, डॉक्टर, निरंजनचे बाबा, अहो. रेशनकार्डाच्या माणसानं घरी येऊन नवऱ्याचं नाव विचारलं तर ती बाहेरच्या पाटीकडे बोट दाखवायची.

लिहिता न येणाऱ्या बाईचा विचार मी केला होता. नाव न घेणाऱ्या बाईचा केला नव्हता, आणि ती माझ्याच घरात बसली होती.

मी तेल गरम केलं आणि तिच्या मागे बसले. माडीवर ऊन आलं होतं, खालून सतार जुळवल्याचा आवाज येत होता. केसांना तेल लावता लावता मी तिच्या लग्नाचं काढलं. कुठे झालं, जेवायला काय होतं, गृहप्रवेशाला तुला अडवलं होतं का. ती खुलत गेली. तिनं जिलबी करपल्याची गोष्ट सांगितली, बाबांच्या मोठ्या बहिणीनं दारात पाट आडवा घातल्याची सांगितली. मग मी म्हटलं, उखाणा काय घेतलास गं?

तिनं माझं मनगट धरलं. मला वाटलं, कळलं हिला. पण तसं नव्हतं.

“हे गेल्यापासून कुणी विचारलं नाही गं मला,” ती म्हणाली. “विधवेला कोण विचारतंय नाव घ्यायला?”

माझे हात तिच्या केसांत होते आणि फोन माझ्या मांडीवर चालू होता. तेव्हा मी तो बंद करू शकले असते. मी म्हटलं, मी विचारते आहे, घे.

ती लाजली. खरंच लाजली, पदर तोंडाला लावला, आणि मग हळू आवाजात पण ठसठशीत म्हणाली:

“सतारीच्या भोपळ्याला सात तारांची साथ,
सबनिसांच्या उंबऱ्यात माझे धनी विश्वनाथ.”

आणि हसली. मी तिची वेणी घातली, खाली गेले आणि दोन्ही तुकडे जोडून तक्रार पाठवली. माझं कलम चोख होतं. तास व्हायच्या आत नाव गोठलं.

आईला संध्याकाळी काही कळलं नाही, कारण ती सकाळीच बोलायची. दाखल व्हायचं काढलं तर उद्या सकाळी त्यांना विचारू म्हणाली. मीही म्हटलं, ठीक आहे, सकाळी. सकाळी आवाज नसेल, मग जाऊ.

सकाळी ती चहा घेऊन बसली, पदर सारखा केला. “अहो.”

“हे नाव आपल्याच तक्रारीवरून गोठवण्यात आलं आहे,” एक परका, स्वच्छ आवाज म्हणाला. “तक्रार नोंदवल्याबद्दल आभार. आपल्याला दुसऱ्या कुणाशी बोलायचं असल्यास कृपया नाव सांगा.”

“मी?” आई म्हणाली. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. बघता बघता तिला सगळं उमगलं. फार हुशार बाई होती ती, कुणी तिला कधी विचारलं नाही एवढंच.

“म्हणून काल उखाणा विचारत होतीस होय,” ती म्हणाली.

मी तिच्या पायाशी बसले. सगळं सांगितलं, पाणी, फुप्फुस, इंजेक्शन, शबाना वाट बघतेय, रिक्षा खाली उभी आहे. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं कप खाली ठेवला आणि पलंगाकडे गेली, भिंतीला हात लावत, दम घेत घेत. म्हणाली की, त्यांनी पड म्हणून सांगितलंय, ते परत आले की विचारीन, ते जा म्हणाले तर जाईन. आणि भिंतीकडे तोंड करून बसली, दोन उशा पाठीशी घेऊन.

आता तिला जा म्हणून सांगू शकणारा एकच आवाज होता, आणि तो मी बंद केला होता. निरंजन धावत वर आला. त्यानं माझ्यावर आवाज चढवला नाही, नुसता कंपनीला फोन लावत राहिला. पलीकडून तेच, नाव चौकशीत आहे, मालकाला आत जाता येणार नाही, साठवलेला आवाजही चौकशीबरोबर गोठला आहे. मी माझ्या खात्यात फोन केला, वरिष्ठांना केला, त्या गोड वकिलालासुद्धा केला. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. फार वाईट वाटलं म्हणाला. मग त्यानं मला माझंच कलम वाचून दाखवलं, तक्रारदारानं सांगितलं तरी उघडायचं नाही ते. हे आपणच सुचवलं होतंत ना मॅडम, म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. असता तर मी त्याला दोन शिव्या तरी घातल्या असत्या.

शबाना दोनदा येऊन गेली, सुई भरून. आईनं हात काढून घेतला आणि तिला लाडू नेलास का म्हणून विचारलं. शुद्धीतल्या, शहाण्या माणसाला मनाविरुद्ध टोचता येत नाही, हाही नियमच. तोही बरोबरच आहे. मला आजही कुणी विचारलं तर मी माझी तिन्ही कलमं बरोबर होती असंच सांगेन, आणि सांगताना माझ्या अंगाची लाही लाही होते.

शेवटच्या सकाळी तिला पलंगावरून उठवत नव्हतं. ओठ निळे पडले होते. तिनं खूण केली म्हणून निरंजननं मदतनीस कोनाड्यातून काढून तिच्या उशीशी ठेवला. तिनं पदर सारखा करायचा प्रयत्न केला, मी तो केला. तिनं माझा हात झटकला नाही.

“अहो,” ती म्हणाली.

“कृपया नाव सांगा,” यंत्र म्हणालं.

ती थांबली. खोलीत मी होते, निरंजन होता, दारात शबाना होती. एवढ्या माणसांसमोर. तिनं एकदा आमच्याकडे बघितलं आणि मग आम्ही तिथे नसल्यासारखी त्या मदतनीसाकडे वळली.

“विश्वनाथ.”

“या नावानं सध्या कुणी सापडत नाही. कृपया नाव सांगा.”

“विश्वनाथ,” तिनं जरा मोठ्यानं सांगितलं, त्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटून. “विश्वनाथ. अहो, विश्वनाथ.”

दम संपेपर्यंत ती हाका मारत होती, आणि प्रत्येक वेळी ते तिला पुन्हा नाव विचारत होतं.